अक्कांची नखं आणि वांग्यावरचा आळ

आमच्या शेजारच्या सरोजाअक्का लिफ्टचं बटण कोपरानं दाबतात. दारावरची बेल कोपरानं, मोबाइल बोटाच्या पेरानं, आणि दुधाची पिशवी चक्क दातांनी उघडतात. कारण बोटांच्या टोकांना नखं आहेत. विकतची, पार्लरमध्ये बसवलेली. बदामाएवढी लांब, कधी मोरपंखी, कधी कुंकवासारखी लाल आणि पोंगलला सोनेरी. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगावर सुती साडी, दोन्ही नाकपुड्यांत चमकी, आणि हातांकडे पाहावं तर सिनेमातली नायिका!

मी बार्शीकडची. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही केमिस्ट्री घेऊन. हे मी लपवत नाही, उलट संधी शोधून सांगते. कारच्या कारखान्यात रंगकामाच्या विभागात नोकरी लागली आणि चेन्नईजवळच्या आवडी गावात खोली घेतली. पहिल्याच दिवशी शेजारच्या दारातून आवाज आला, "कोण गं तूं? जेवण जालें की?" मी सामान टाकून रडायच्या बेतात आले. मराठी! तंजावरची, जुनी, तमिळ हेल काढणारी, पण मराठी.

अक्का सरकारी कारखान्यातल्या ऑफिसातून रिटायर झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. कुठलाही वाद त्या दोन शब्दांत मिटवतात, "फाइल क्लोज!"

एका सकाळी अक्कांनी दार उघडलं तर पापण्या सुजून पुऱ्या झालेल्या. बोटांची टोकं लालबुंद, आणि नुसती खाज.

"वांगें!" अक्कांनी निकाल दिला. चेन्नईत अंगाला खाज सुटली की पहिला आरोपी वांगंच. सांबारातून वांगं हद्दपार झालं. खाज तशीच. मग रांगोळीच्या पिठावर संशय आला, मग भांड्यांच्या साबणावर, मग एन्नोरच्या कारखान्यांच्या धुरावर.

"अक्का, एन्नोर इथून केवढं लांब!"

"वारा फिरतो की नव्हे?"

शेवटी माझ्या काळ्या मसाल्याची पाळी आली. "तूं आमटी दिलीस, तेव्हांपासून जास्त जालें."

माझ्या आईच्या मसाल्यावर आळ? मी पदवी बाहेर काढली. "अक्का, तुमची नखं! ती बसवायच्या जेलमध्ये जे रसायन असतं ना, ते एकदा अंगाला बाधायला लागलं की थेंबभरही चालत नाही. आमच्या कारखान्यात असल्याच रसायनांसाठी हातमोजे देतात. आणि त्याच बोटांनी तुम्ही डोळे चोळता."

"नखांचें नांव काढूं नकोस. तुझी बी.एस्सी. तुझ्यापाशीं ठेव. फाइल क्लोज!"

आणि शनिवारी दुपारी, नेहमीसारखा गजरा माळून, लोकल पकडून त्या पार्लरला गेल्या. परतल्या त्या नारिंगी नखं घेऊन. सोमवारी डोळे उघडेनात. मी रजा टाकली आणि त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तपासणीसाठी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या आणि बजावलं, पट्ट्या निघेपर्यंत पाठीला पाणी लागता कामा नये. मध्येच शुक्रवार येत होता. "शुक्रवारीं तेल लावून न्हायचें नाहीं? अय्यो! डॉक्टर की राक्षस?" पण बसल्या बिचाऱ्या तशाच. पट्ट्या काढल्या तेव्हा नखांच्या रसायनाच्या पट्टीखालची कातडी कुंकू लावल्यासारखी लाल होती. वांगं निर्दोष सुटलं. मसालाही.

"असली नखं पुन्हा कधीच नाहीत," डॉक्टर म्हणाले. "कुठल्याही कंपनीची नाहीत. आणि दातात काही भरून घ्यायचं असेल, तर आधी त्या डॉक्टरांनाही हे सांगा, त्यातही तसलीच रसायनं असतात."

अक्कांनी नारिंगी नखं पदराखाली लपवली.

नखं निघाली. मलमानं सूज उतरली. मी तर खुशीत होते, दोन किलो वांगी आणली, काळा मसाला घालून भरली आणि शनिवारी दुपारी वाडगा घेऊन शेजारी गेले. अक्का गजरा माळून, नवी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. जायचं कुठेच नव्हतं.

"एवढं काय हो होतं त्या नखांत?" मी विचारलं.

"नखांत काय असणार गं, कण्णा?" अक्का आपल्या बोटांकडे पाहत म्हणाल्या. "ती पार्लरची पोर आहे ना, दुपारभर माझा हात हातांत घेऊन बसते. एकेक बोट धरते. आपल्या गांवचें सांगते. हे गेल्यावर माझा हात धरतें कोण? डॉक्टरसुद्धां नाडी मशिनीनें पाहतात."

मी वाडगा ठेवला, घरून नेलकटर आणि खोबरेल तेल आणलं, स्टूल ओढून समोर बसले. "द्या हात."

नखं लहान मुलाची असावीत तशी बोथट आणि फिकी होती. मी एकेक बोट धरून कापू लागले आणि अक्कांच्या सूचना सुरू झाल्या. "हळू! पकड नाहीं गं तुज. आणि गप्प कां? ती पोर बोलते. बार्शीचें कांहीं सांग."

मी बार्शीचं सांगितलं. आई मसाला कसा भाजते आणि तेव्हा अख्खी गल्ली कशी शिंकते, तेही. अक्का हसून हसून हलत होत्या, आणि मी ओरडत होते, "हलू नका!" बोलण्याच्या नादात करंगळीला तेल चोळून मी उठले.

"झालं, अक्का."

अक्कांनी दुसरा हात पुढे केला.

"अर्धीच फाइल क्लोज करतेस की?"