प्रेतांच्या वेगाबाबत

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सार्वजनिक वाचनालयाच्या चौथ्या शाखेत, पुस्तकांच्या देवघेवीच्या काउंटरसमोर, दोन सभासदांमध्ये एका कादंबरीवरून मतभेद झाले. त्यात एक चष्मा फुटला. चष्मा निवृत्त मुख्याध्यापकांचा होता. ज्या पर्सने तो उडाला, ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती.

कादंबरी नवी होती, सहाशे बारा पानांची. लेखक भयकथांमधला इतका मोठा माणूस, की पुस्तकावर त्याचे नाव कादंबरीच्या नावाच्या चौपट आकारात छापले होते. भुते, चेटकिणी आणि पछाडलेल्या लिफ्ट संपल्यावर या वेळी त्याने झॉम्बी घेतले होते. मेलेली माणसे उठतात आणि शहर ताब्यात घेतात. वाद एवढाच होता, की उठल्यावर ती चालतात की पळतात.

"मेलेला माणूस पळेल कसा?" हेडसर म्हणाले होते. "सांधे आखडलेले असतात. जरा शास्त्राची चाड ठेवा."

"चालत आले तर घाबरायचं कोणी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "माझे पेशंट खुर्चीवरून उठून त्याहून जोरात पळतात."

यानंतर पर्स.

काउंटरच्या आत ग्रंथपाल बाई बसल्या होत्या. बाई अकरा वर्षे हंगामी होत्या. त्यांना कायम करण्याच्या फाइलवर आठ सह्या लागत होत्या, त्यांपैकी सात झाल्या होत्या आणि आठवी उपसंचालक साहेबांची राहिली होती. अशा नाजूक काळात शहाण्या माणसाने काचा झाडून केराच्या टोपलीत टाकल्या असत्या. पण बाईंनी नोकरीला लागताना नियमपुस्तिका वाचलेली होती. शाखेत काहीही फुटल्यास चोवीस तासांत मुख्यालयाला कळवावे, असा नियम तिच्यात होता. बाईंनी कळवले. 'कारण' या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले: "कादंबरीतील प्रेतांच्या वेगाबाबत मतभेद."

चष्म्याबद्दल मुख्यालयाने आजतागायत काही विचारलेले नाही.

गुरुवारी पत्र आले. विषय होता, 'प्रेतांच्या वेगाबाबत'. या विषयावर शाखेचे धोरण काय आहे, ते तातडीने कळवावे. धोरण नसल्यास सभासदांची मते सोबतच्या फॉर्मवर मागवून ते ठरवावे. आणि मते गोळा होईपर्यंत सदर कादंबरीचे वाचन स्थगित ठेवावे, कारण वाचनामुळे सभासदांची मते प्रभावित होण्याची शक्यता नाकारता येत नाही.

बाईंनी फॉर्म पाहिला. नाव, सभासद क्रमांक, 'पळतात', 'चालतात', सही. त्यांनी मुख्यालयाला फोन लावला.

"यात पुस्तक वाचलंय की नाही, असा रकाना दिसत नाही."

"कशाला हवा?" पलीकडचे कारकून म्हणाले.

"म्हणजे... कळेल."

"बाई, आपण मत मागवतोय. परीक्षा घेत नाही." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "साहेब स्वतः लक्ष घालतायत यात. तुमची फाइल पण त्याच टेबलावर आहे. जरा सांभाळून घ्या."

बाईंनी सांभाळून घेतले. कादंबरीच्या तीन प्रती होत्या. दोन त्यांनी कपाटात ठेवून कुलपावर लाखेची मोहोर लावली. तिसरी एका वायरमनने नेलेली होती. नोंदवहीप्रमाणे कादंबरी आजवर पाच जणांनी नेली होती आणि वायरमन सोडून चौघांनी ती दोन दिवसांत परत केली होती. हेडसर आणि डॉक्टरीणबाई त्या पाचांत नव्हते.

शाखेत एरवी दिवसाला नऊ माणसे येत, त्यांतली चार पंख्याखाली बसायला. सोमवारी दोनशे चौदा आली. दुपारपर्यंत दोन रांगा झाल्या, 'पळतात'वाल्यांची डावीकडे आणि 'चालतात'वाल्यांची उजवीकडे. मध्ये बाईंना दोरी बांधावी लागली. रांगेत उभे राहण्यासाठी पुस्तकांची दोन कपाटे भिंतीला तोंड करून फिरवावी लागली. तक्रार कोणी केली नाही.

"तुम्ही वाचलीय ना कादंबरी?" बाईंनी पहिल्या दिवशी एका शिंप्याला सहज विचारले.

"मी या लेखकाचं काहीच वाचत नाही," शिंपी म्हणाला. "पहिल्यापासून. त्यामुळे मला त्याच्यातली घसरण लगेच कळते."

त्याच्यामागे एक गृहस्थ होते. त्यांच्या मेव्हण्याने कादंबरी वाचणाऱ्या एका माणसाला बसमध्ये पाहिले होते आणि त्या माणसाचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी 'पळतात'वर खूण केली. बुधवारी रांगेत बाईंच्या सासूबाई उभ्या राहिल्या.

"अहो आई, तुम्ही इथे? तुम्ही कुठे वाचलीय ती?"

"तू घरात आलीस तेव्हा तुझ्याबद्दल मत बनवायला मी काय वाचलं होतं?" सासूबाईंनी पेन मागितले. "चालतात. लिही."

"तुमच्याच हाताने खूण करायची असते."

"बघा," सासूबाई मागे वळून रांगेला म्हणाल्या, "घरात पण हे असंच."

अभिप्राय आता केवळ खुणेवर थांबत नव्हते. 'पळतात'वाले 'चालतात'वाल्यांना साठीला टेकलेले म्हणू लागले. 'चालतात'वाले 'पळतात'वाल्यांना अभिरुचीहीन म्हणू लागले. एका तरुण जोडप्याचे ठरलेले लग्न दोरीच्या दोन बाजूंना येऊन थांबले. लेखक आजवरचा सर्वश्रेष्ठ आहे आणि लेखक संपला आहे, ही दोन्ही वाक्ये काउंटरवर दिवसाला सरासरी सत्तर वेळा उच्चारली जात. दोन्ही बाजू बोलताना कादंबरीचे नाव चुकवत, पण वेगवेगळ्या प्रकारे.

गुरुवारी दुपारी वायरमन आला. खांद्याला हत्यारांची पिशवी, कानावर पेन्सिल, काखेत कादंबरी. आत बोट घातलेले.

"बाई, मुदत वाढवून पाहिजे होती. जेवणाच्या सुट्टीत वाचतो, त्यामुळे पुढे सरकत नाही." त्याने दोन्ही रांगांकडे पाहिले. "हे काय चाललंय?"

बाईंनी सांगितले.

"पण ते ना पळतात ना चालतात," वायरमन म्हणाला.

"कोण?"

"मेलेले. ते हलतच नाहीत. उठतात आणि आपापल्या खुर्चीवर जाऊन बसतात, एवढंच. ऑफिसात, घरात. एकदा बसले की बसले. मग जिवंत माणसंच त्यांच्याभोवती फिरायला लागतात. त्यांना विचारून कामं करतात, त्यांच्या सह्यांची वाट बघतात. कोणाच्या लक्षातच येत नाही. तीच तर भीती आहे!"

दोरीच्या दोन्ही बाजूंची तोंडे वायरमनकडे वळली. चार दिवसांत दोन्ही रांगांनी एकाच दिशेला पाहण्याची ती पहिलीच वेळ.

"आपण कोण?" हेडसरांनी नव्या चष्म्यातून पाहत विचारले.

"वायरमन आहे."

"दिसतंच आहे. कादंबरी कळायला वायरी जोडता येणं पुरत नाही."

"आणि वाचायची एवढी काय घाई झाली होती?" डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "आम्ही सगळे इथे शिस्तीत थांबलोय, वाचन बंद ठेवून. आणि हे खुशाल वाचत बसलेत! सर, तुम्हीच सांगा."

"मॅडम, मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे," हेडसर म्हणाले. हे एकमत बाईंनी नोंदवहीत वेळेसह लिहून ठेवले.

"बरं, तुमचं मत द्या आणि मोकळे व्हा," बाई घाईने वायरमनला म्हणाल्या.

"लिहा. पहिली दीडशे पानं ओढूनताणून आहेत. लेखकाला वजनाप्रमाणे मोबदला मिळतो की काय, असं वाटतं. मधली मात्र जबरदस्त. एकदा तर जेवायचंच विसरलो. शेवटाचं अजून माहीत नाही."

"म्हणजे पळतात की चालतात?"

"बाई, आत्ता सांगितलं ना."

बाईंनी फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती, पण तिच्यावर 'येथे काही लिहू नये' असे छापलेले होते. वायरमनचे मत अवैध ठरले. दोन्ही रांगांनी टाळ्या वाजवल्या.

जाताना त्याने पुस्तक पुढे केले. "तुम्हीच बघा की. विश्वास नसेल तर."

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. कादंबरी आली त्या दिवशी 'अवश्य वाचा' असे कार्ड बाईंनीच तिच्यावर लावले होते. बाईंनी ती वाचलेली नव्हती. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि वायरमनने पेन्सिलीने खूण केलेल्या जागेपासून चाळीस पाने वाचली. प्रेते बसलेली होती. एक तर गेली बारा वर्षे एका खात्याचे प्रमुख होते. बाईंच्या अंगावर काटा आला. अकरा वर्षे पुस्तकांच्या नोकरीत असा तो प्रथमच आला होता. पुस्तक त्यांनी संध्याकाळी वायरमनला परत दिले आणि मुख्यालयाला दोन ओळींचा अहवाल पाठवला: सभासदांची मते सहाशे अकरा विरुद्ध सहाशे अकरा. तथापि, कादंबरीतील प्रेते हालचाल करत नाहीत.

सोमवारी सकाळी अकरा वाजता उपसंचालक साहेब स्वतः आले. ते बाईंच्या खुर्चीवर बसले. बाई उभ्या राहिल्या.

"मुख्यालयाने चुकीच्या प्रश्नावर बाराशे बावीस लोकांची मतं घेतली, असं तुमचं म्हणणं आहे?"

"माझं नाही साहेब. पुस्तकात तसं आहे."

"मग पुस्तक चुकलंय." साहेबांनी बॅगेतून एक पत्र काढले. "आम्ही प्रकाशकांना कळवलं. त्यांनी लेखकाशी बोलून घेतलंय. लेखक वाचकांच्या मताचा आदर करतात. कादंबरी आता दोन आवृत्त्यांत येतेय. एकीत पळतात, एकीत चालतात. बसण्याचा सगळा भाग काढून टाकलाय."

"पण मग कादंबरीत उरलं काय?"

"लेखकाचं नाव आहे ना." साहेबांनी दुसरा कागद काढला. "पहिली आवृत्ती रद्द. हे प्रमाणपत्र आहे. शाखेकडच्या तिन्ही प्रती जमा केल्या, आणि ती आवृत्ती शाखेच्या हद्दीत कोणीही वाचलेली नाही. यावर तुमची सही." मग त्यांनी तिसरा, जाड गठ्ठा काढला आणि त्यावर हात ठेवला. "आणि हा तुमचा कायम नियुक्तीचा आदेश. यावर माझी. आधी तुमची, मग माझी."

गठ्ठ्याच्या वरच्या कागदावर बाईंचे नाव होते, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. अकरा वर्षांत ते असे टाइप केलेले त्यांनी पाहिले नव्हते.

"एक प्रत बाहेर आहे साहेब."

"मग आत आणा. मी चहा घेईपर्यंत."

वायरमन पलीकडच्या इमारतीच्या जिन्यात सापडला. मीटरच्या खोक्याखाली पायरीवर बसला होता. बाई समोर उभ्या राहिल्या, तरी त्याने आधी परिच्छेद संपवला.

"पुस्तक हवंय."

"सत्तर पानं राहिलीत, बाई. उद्या दुपारी देतो. आत्ता कुठे जिवंतांतली एक पोरगी विचारायला लागलीय, की हे सगळे कधीपासून मेलेले आहेत."

"आत्ता हवंय."

त्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिले. "तुमच्या कामाचं काही आहे का?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. वायरमनने पुस्तक मिटले, फडक्याने पुसले आणि त्यांच्याबरोबर शाखेपर्यंत चालत आला. काउंटरवर ठेवताना मात्र तो म्हणाला, "शेवटी त्या पोरीचं काय होतं, हे तेवढं कोणी सांगेल का?"

मतमोजणी संपली तरी रांगेत उभ्या असलेल्या अकरा जणांनी त्याला शेवट सांगितला. अकराही शेवट वेगळे होते. वायरमनने सगळे ऐकून घेतले, सभासदाचे कार्ड काउंटरवर ठेवले आणि पिशवी उचलून निघून गेला. बाईंनी त्याला हाक मारली नाही. साहेब बघत होते.

प्रमाणपत्रावर बाईंनी सही केली. साहेबांनी आदेशावर आठवी सही केली आणि गठ्ठा बाईंपुढे सरकवला. चौदा पाने. प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेले होते, 'वरील सर्व मजकूर मी काळजीपूर्वक वाचला असून तो मला मान्य आहे.' साहेब घड्याळाकडे पाहत होते, बोट खूण केलेल्या जागेवर ठेवून पाने भराभर उलटत होते. बाईंनी चौदा सह्या केल्या. कशा केल्या, ते सांगायला नको. तुम्ही तुमची शेवटची सही केलीत, अगदी तशाच.

दोन्ही नव्या आवृत्त्या शाखेत आल्या आहेत. त्या अद्याप कोणी नेलेल्या नाहीत. दोन्हींवर मते येत आहेत.

आदेश बाईंच्या घरी टीव्हीखालच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. काल संध्याकाळी मुख्यालयातल्या कारकुनांचा फोन आला. त्यांनी अभिनंदन केले आणि नवव्या पानाबद्दल बाईंची काही हरकत नाही ना, असे विचारले. बाई नाही म्हणाल्या. नवव्या पानावर बढती आहे, असे सासूबाईंचे मत आहे. बाईंच्या नवऱ्याच्या मते बदली आहे, आणि तीही लांबची. रात्रीच्या जेवणापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. पिशवी अजून कोणी उघडलेली नाही.