इब्राहिम मिस्त्री आणि ठकीच्या कुबड्या

इब्राहिम मिस्त्री माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. लोणावळ्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, त्यांच्या शेजारची खोली घेतली आणि नमस्कार करायला गेलो, तर हे खाली बघूनच म्हणाले, "मास्तर, डावा पाय दोन सूत आखूड हाय तुमचा. ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मात्र मी लंगडतो असं मला वाटू लागलं.

मिस्त्री रेल्वेत सुतार होते. नोकरी संपल्यावर त्यांनी खुर्च्या-टेबलं करणं सोडलं. "खुर्चीला चार पाय बसवून उपेग काय? ती जाती कुटं?" असं त्यांचं म्हणणं. आता ते फक्त कुबड्या करत. दर रविवारी जवळच्या औंढे गावी चालत जात. तिथं पारावर पाच-सहा मुलं त्यांची वाट बघत असत. कुणाचे पाय तापात गेलेले, कुणाचे जन्मापासून वाकडे. मिस्त्री मापं घेत, कुबड्या देत, वाढत्या मुलांना पुन्हा नव्या देत. गोड शब्द एक नाही. हवा खायला आलेल्या पुण्याच्या एक बाई "अरेरे, बिचारी पोरं!" म्हणाल्या, तर मिस्त्रींनी त्यांच्या पायांवर नजर टाकली. "पोरांचं ऱ्हाऊ द्या. तुमचा जोडा चावतोय."

फितीचं दुसरं टोक धरायला माणूस हवा, म्हणून मलाही नेऊ लागले.

औंढ्यातच एका घराच्या दारात ठकी भेटली. नऊ वर्षांची. तापात डावा पाय लुळा पडलेला. आई शेतावर जाताना तिला उंबऱ्याशी बसवून जाई आणि दिवेलागणीला उचलून आत घेई. मधला सगळा दिवस ठकी उंबऱ्याशी. मिस्त्रींनी कुबड्या पुढं केल्या. तिनं एक उचलली आणि त्यांच्या नडगीवर हाणली.

मिस्त्रींनी नडगी चोळलीसुद्धा नाही. "लिवा मास्तर," ते म्हणाले. "खांद्यात जोर लय हाय."

पुढच्या रविवारी त्यांनी आणखी एक जोडी आणली, स्वतःच्या मापाची. एक पाय गुडघ्यात दुमडून फडक्यानं बांधला आणि औंढ्याच्या गल्लीतून निघाले.

"अगं बया, मिस्त्रीचा पाय कवा गेला?" एक म्हातारी ओरडली.

चौथ्या पावलाला मिस्त्री उकिरड्यात होते. साठी उलटलेला माणूस! मी धावलो, तर म्हणाले, "फीत धरा. मधी पडू नका."

तीन रविवार हे चाललं. ठकीच्या दारासमोरून जायचं आणि बरोबर तिच्या दारासमोर पडायचं. मला आधी वाटलं, मुद्दाम पडतात. मग ढोपरं पाहिली. मुद्दाम नव्हतं.

तिसऱ्या रविवारी ठकीला राहवलं नाही.

"आबा, दोनी संगट टाकताय, म्हनून पडताय! आदी एक म्होरं टाका, मंग पाय, मंग दुसरी."

"मला न्हाई जमत."

"हिकडं बगा!"

तिनं दाराला धरून अंग उचललं, तिथंच पडून असलेल्या आपल्या कुबड्या काखेत घेतल्या आणि दाखवलं. एक, मग पाय, मग दुसरी. अंगण संपलं, तरी ती दाखवतच होती. समोरून तिची आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती. ती वाटेतच थांबली. भारा उतरवायचंही तिला सुचलं नाही.

"आये, बाजूला व्हय की," ठकी म्हणाली.

मिस्त्री मातीत बसूनच बघत होते. "उजवी एक सूत तासाय पायजे," एवढंच बोलले.

आम्ही दोघं लोणावळ्याला परतलो. घराशी आल्यावर अचानक म्हणाले, "मास्तर, भाकरी खाऊन जावा."

त्यांच्या घरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला टाकताना पाहिलंही नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, हे मला गावातून कळलं होतं. घरात ताटली एकच होती. ती त्यांनी मला दिली, स्वतः भाकरी हातावर घेतली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"आज औंढ्यात काय झालं, ठावं हाय का?"

आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, घरी वाट बघत बसलेल्या माणसाला सांगावं तसं. ठकीचा ताप, उंबरा, नडगीवरचा फटका, उकिरडा. "मास्तर बी हुतं तितं, फीत धरून," हेही सांगितलं. हातवारे करत, हसत, मधेच घास गिळायचं विसरत.

ठकी दाराला धरून उठली, इथवर आल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते थांबले.

मी भाकरीचा तुकडा ताटलीत ठेवला.

"मग?" मी विचारलं. "पुढं काय झालं?"