वन्संची सहावी लाईन

या, जरा जवळ सरका. लांबून ऐकलं की माणूस अर्धं ऐकतो आणि उरलेलं स्वतःच्या मनाने जोडतो. तुम्हीही तेच केलंत. "सुमनताईंच्या नणंदेने म्हणे शाळेची व्हॅन घेतलीय, डोक्यावर परिणाम झालाय," असं चार ठिकाणी बोललात, पण येऊन बघितलंत का एकदा तरी? नाही ना? मग आता गप्प बसून ऐका. आणि आलात तर चपला बाहेर काढायच्या, हे आधीच सांगून ठेवते.

हो, गाडीतसुद्धा. आमच्या वन्संच्या मते जिथे बटण दाबलं की दिवा लागतो ते घर, आणि घरात कोणी चपला घालून आलं तर त्या त्याच्याशी बोलत नाहीत. गेल्या महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगची नोटीस घेऊन आले. त्यांनाही आधी बूट काढायला लावले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. बिचाऱ्यांनी तो दुसऱ्या पायाखाली लपवला, कपभर चहा घेतला आणि नोटीस खिशात घेऊनच परत गेले.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, प्रमिला. वय बहात्तर. उंची अशी की आमच्या माळ्यावरचे डबे त्या स्टूल न घेता काढतात. लग्न केलं नाही. तेहेतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. पाच वर्षांपूर्वी हे गेले आणि वन्सं आमच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. "तुला सोबत म्हणून आले," असं त्या म्हणतात. "त्यांना सोबत म्हणून बोलावलं," असं मी म्हणते. निकाल अजून लागायचाय.

नोकरी सुटली, पण "होल्ड कर" सुटलं नाही. दारावरची बेल वाजली, होल्ड कर. मी काही सांगायला तोंड उघडलं, होल्ड कर. एकदा दूध वर आलं, तर त्यालाही म्हणाल्या, "होल्ड कर." दुधाने ऐकलं नाही. या घरात ते मी एकटीच ऐकते.

ज्या गावांना त्यांनी जन्मभर फोन जोडून दिले, ती गावं त्यांना आवाजावरून पाठ. खेडचा ऑपरेटर आधी खोकायचा, मग बोलायचा. चिपळूणची बाई कायम घाईत. राजापूरशी ओरडून बोलावं लागायचं. कणकवलीचा गृहस्थ लाईन देण्याआधी "जेवलात का?" विचारायचा. सावंतवाडी मात्र गोड. "सगळ्यांशी रोज बोलले, सुमन, गाव एकही पाहिलं नाही," असं म्हणायच्या. एकदा मेथी निवडताना असंही म्हणाल्या, की एवढे लोकांचे कॉल जोडले, पण त्यांच्यासाठी म्हणून कुणाचा कधी आला नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "यात माती फार आहे गं. दोनदा धू."

तर ही गाडी त्यासाठी. पळस्प्याला गोव्याच्या रस्त्याला लागायचं आणि एकेक गाव ओळीने बघत जायचं. गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाक. साठीत गाडी शिकलेल्या बाईने बहात्तराव्या वर्षी हे ठरवलं.

मला विचारलं नाही असं नाही. गाडी आली त्याच दिवशी विचारलं, "सुमन, येशील?"

मी सात कारणं दिली. उजवा खांदा आखडलाय, हात वर जात नाही. गुडघे. पित्त. परक्या जागी झोप लागत नाही. अंधारात उठले की धडपडते. सहावं आता आठवत नाही. सातवं, तुळशीला पाणी कोण घालणार? तुळस कुंडीसकट गाडीत मावली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. खरं कारण आठवं होतं, आणि ते मी सांगितलं नाही: हे गेल्यापासून मला सोसायटीचं फाटकच ओलांडवत नव्हतं.

"बरं," वन्सं म्हणाल्या. पुन्हा विचारलं नाही.

कामाला मात्र मलाच धरलं.

वायरिंग त्यांनी स्वतः करायचं ठरवलं. मोबाईलवर बघून बघून दोनशे पानी वही भरली. अडेल तिथे मदतीला रोडपालीचे नामदेव. कळंबोलीला येणाऱ्या ट्रकांचं वायरिंग करण्यात त्यांची उमर गेलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी वही बघितली आणि डोक्याला हात लावला.

"मावशी, मदी एकच मोठा दिवा लावा, काम खतम. ह्या सा लायनी कशाला? आमी अख्ख्या ट्रकाला एवढी वायर नाय घालत."

"होल्ड करा, नामदेव. सगळी गावं एका लाईनवर टाकलीत तर कोण कोणाशी बोलणार? एक बिघडलं तर बाकीची चालू राहायला हवीत. प्रत्येकाला वेगळा फ्यूज."

नामदेवांनी माझ्याकडे बघितलं. मी प्लायवूडकडे बघितलं.

ड्रायव्हरच्या सीटमागे बॅटरी, तिच्यावर फ्यूजची पेटी, पेटीत सहा फ्यूज, आणि झाकणावर वन्संच्या सुबक अक्षरात नावं. खेड म्हणजे दारातला दिवा. चिपळूण म्हणजे गॅसच्या ओट्यावरचा, कारण तिथे कायम घाई. राजापूर छताला. कणकवली वन्संच्या बिछान्याशी. सावंतवाडी म्हणजे पंखा. "चिपळूण बोलत नाहीये, नामदेव, जरा बघा," असं गाडीतून ऐकू आलं की पार्किंगमधून जाणारी माणसं चालायची थांबत.

सहाव्या फ्यूजपुढे नाव नव्हतं. त्याची वायर वन्संच्या बिछान्यासमोरच्या बाकामागे गेली होती. बाक चांगला सहा फुटी, पण मी तो सामानाचा धरला होता.

"ही कुठली लाईन, वन्सं?"

"होल्ड कर."

आता माझं काम ऐका. वन्संचा टेपवर विश्वास नाही. "टेपला कोपर नसतं," म्हणतात. म्हणून माप म्हणजे मी. "सुमन, इथे बस. हात कर. जातो तेवढाच. थांब!" की जिथे माझं बोट टेकेल तिथे टिकली. हो, टिकली. हे गेल्यावर मी बारीक टिकली लावायला लागले, मोठ्या मरून टिकल्यांची पाकिटं तशीच पडून होती. ती वन्संनी हत्यारांच्या डब्यात टाकली. टिकली तिथे भोक, भोक तिथे बटण. महिनाभर मी त्या गाडीत बसले, उठले, आडवी झाले, आणि हात वर करत राहिले, म्हणजे जेवढा होतो तेवढा. मला वाटायचं, वन्संना एकाच वेळी बसता आणि खूण करता येत नाही, म्हणून पट्टीच्या जागी मला वापरतायत.

त्यामुळे बटणं सगळी खाली आली. मी टोमणेही मारले. "वन्सं, मांजर पाळणार आहात का? ही बटणं तिलाच पुरतील."

नामदेवही म्हणाले, "मावशी, वाकून वाकून कंबार जाईल तुमची."

"जाऊ दे," म्हणाल्या.

वायरी झाल्या, वरून प्लाय ठोकला. आणि मला वाटायला लागलं की मीही वायरमन झाले. तीच चूक. एका दुपारी वन्सं बँकेत गेल्या. मी गाडीत एकटी. बघते तर भिंतीवर कॅलेंडर नाही! कॅलेंडर नाही ते कसलं घर? चतुर्थी कधी, अमावस्या कधी, निघायचं कधी, कळणार कसं? घरातून गणपतीचं कॅलेंडर आणलं. वन्संचं स्क्रू फिरवायचं मशीन डाव्या हातात धरलं, सापडलेला सगळ्यात लांब स्क्रू घेतला आणि घातला प्लायमध्ये. गर्रकन आत. काय सांगू, स्वतःच्याच हाताचा मुका घ्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या लाईनी तपासायच्या होत्या. खेड लागलं. चिपळूण लागलं. राजापूर, कणकवली लागलं, सावंतवाडी फिरायला लागली. सहावा फ्यूज घातला. फट! गेला. दुसरा घातला. तोही गेला.

चार दिवस हेच चाललं. वन्संचं जेवणातही लक्ष नव्हतं. वहीची पानं मागे-पुढे करत बसायच्या. मी आपली शहाणपणाने सांगते, "पाच चालू आहेत ना? निघा की! त्या सहाव्याचं काय अडलंय?"

नामदेवही म्हणाले, "सोडा ना ती लाईन. काय काम हाय तिचं?"

त्या दिवशी पहिल्यांदा वन्सं "होल्ड करा" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "ती लागली नाही तर मी जाणार नाही. गाडी विकून टाकीन." आणि पाठ फिरवून पक्कड पुसत बसल्या. चांगली स्वच्छ पक्कड, कितीतरी वेळ पुसत होत्या.

पाचव्या दिवशी त्यांनी फ्यूजच्या पेटीपासून प्लायवर बोट ठेवलं आणि वायर आतून जशी गेलीय तसं ते पुढे पुढे सरकवत निघाल्या. बोट गणपतीपाशी थांबलं. त्यांनी कॅलेंडर उचललं.

"सुमन, हा स्क्रू कोणी घातला?"

"कुठला?" मी म्हटलं. एकोणसत्तराव्या वर्षी मी "कुठला?" म्हटलं.

नामदेवांनी प्लाय खोलला आणि खाली बसून हसायला लागले. स्क्रू सहाव्या वायरीतून आरपार जाऊन गाडीच्या पत्र्याला टेकला होता. "लाल वायर पत्र्याला लावलीत, मावशी, फ्यूज ऱ्हातोय कुठला! पन नेमका पोटात घातलाय. आमी मुद्दाम घातला असता तरी जमला नसता!"

मी बोलणी खायच्या तयारीने उभी राहिले. वन्संनी फक्त पक्कड उचलली. वायर तोडली, नवीन तुकडा जोडला, वर नळी चढवली. मग त्या सामानाच्या बाकापाशी गेल्या आणि उशाकडच्या भिंतीवर चिकटवलेला कागद काढला. मागे छोटा पितळी दिवा होता.

"झोप तिथे," म्हणाल्या.

झोपले. बाक माझ्या लांबीला पुरून थोडा उरला.

"आता दिवा लाव. बघू नकोस."

उजवा हात केला. जातो तेवढाच. आणि तो जिथे थांबला तिथे, बोटाच्या बरोबर टोकाखाली, बटण. दाबलं. पिवळा, मऊ उजेड, फक्त माझ्या बाकापुरता. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यावर न येणारा.

मी उठले. दारापाशी गेले, हात केला, बटण. ओट्यापाशी, बटण. पंख्याचं, तिथेच. मग वन्संनी राजापूर बंद करायला हात घातला, तर ती उंच बाई कमरेत पार दुमडली. महिनाभर मी त्यांना असं वाकताना बघत होते आणि मनात म्हणत होते, वय झालं हो वन्संचं.

"वन्सं, हे माप तुमचं नाही."

"नाही."

"पण मी तर येत नाही म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस." त्या चिकटपट्टीचं टोक शोधत होत्या, ते सापडत नव्हतं. "पलीकडची पार्टी नाही म्हणाली म्हणून ऑपरेटर लगेच प्लग काढत नाही, सुमन. कधीकधी नुसती लाईनमध्ये खरखर असते."

नामदेव उगाचच बाहेर जाऊन टायर बघायला लागले.

मी पेन घेतलं आणि सहाव्या फ्यूजपुढे "पनवेल" लिहिलं. अक्षर वाकडं आलं. वन्संनी ते चष्मा लावून वाचलं, आणि कॅलेंडर स्वतःच्या हाताने दुसरीकडे लावलं. वायर नाही तिथे.

आम्ही येत्या गुरुवारी निघतोय. तुळस बरोबर आहे, कुंडी ओट्याखाली नेमकी बसली. खेडला त्या खोकणाऱ्या ऑपरेटरचा पत्ता विचारायचा ठरलाय. तेव्हा तुम्ही त्याआधी या, बुधवारपर्यंत कधीही. चहा गाडीतच करीन. चपला बाहेर काढा, दिवे लावून बघा. तुम्हाला वाकावं लागेल थोडं. त्याला माझा इलाज नाही. माप माझं आहे.