संजूच्या शेजारची जागा

कुणी भेटलं की आपण रामराम करतो. आमचा संजू विचारतो, "किती टक्के?" म्हणजे तुमच्या मोबाइलची बॅटरी किती उरलीय. भर मांडवात अक्षता पडायच्या आधी त्यानं नवरदेवालासुद्धा विचारलं होतं. बिचाऱ्या नवरदेवानंही खिसा चाचपला. आकडा कमी निघाला की संजूचं तोंड उतरतं, आणि "चार्जिंगला लावा" म्हणत तो तुमची पाठ सोडत नाही.

तासगावजवळ बेदाण्याच्या एका शेडवर मी देखरेखीला आहे. संजू तिथं बेदाणा निवडतो, म्हणजे राहिलेल्या काड्या आणि काळे दाणे वेगळे काढतो. वय असेल सत्ताविशीच्या आसपास. लहानपणी डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली, गावानं "जरा येगळंच हाय" एवढ्यावर भागवलं. दहावीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. पुढं काय, हे कुणालाच सांगता येईना. कित्येक वर्षं पोरगा घरात फिरत्या पंख्याकडं बघत बसला. आईनं कामासाठी सगळीकडं विचारलं आणि शेवटी ती त्याला घेऊन आमच्या शेडवर आली. "आवं, बसवून तर बघा. मी हाय तवर ठीक हाय, फुडं..." एवढंच म्हणाली.

पहिल्याच दिवशी काड्या उडवायचं मशीन सुरू झालं आणि संजू कानांवर हात दाबून थेट रस्त्यापर्यंत पळाला. आम्ही सगळे ओरडत मागं. हौसाकाकू, आमच्या सगळ्यात जुन्या निवडणाऱ्या, तेवढ्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आपला लोकरीचा स्कार्फ त्याच्या कानांवरून घट्ट बांधला आणि मशीनपासून लांब, टेबलाच्या कडेला आपल्या शेजारी बसवला. तेव्हापासून भर उन्हाळ्यातही स्वारी स्कार्फ बांधून कामाला. हात भरभर चालतो. बोलणं मात्र बातम्या दिल्यासारखं. बायका गप्पांत रंगल्या की हा म्हणणार, "कृपया शांतता राखा." मग त्या आणखीच हसतात.

यंदा ऐन मालाच्या गर्दीत काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. आमचे मालक आबा त्यांच्या जागी नवी बाई घेऊन आले. ती बसायला गेली तर संजूनं स्टुलावर आपला डबा ठेवला. "ही जागा काकूंची आहे." बाईनं डबा उचलला, यानं परत ठेवला. दुपारपर्यंत हाच खेळ.

आबा तापले. "निवडायला ठेवलाय का जागा राखायला? उद्यापास्नं आनू नका ह्याला." आई निरोप ऐकून धावत आली आणि हात जोडून उभी राहिली. हे काम गेलं तर पोरगं पुन्हा त्या पंख्याखाली जाणार होतं.

मी म्हणालो, "आबा, भांडन जागेचंच हाय न्हवं? मग नवं स्टूल टाकूया की."

टेबलाच्या पलीकडं स्टूल टाकलं, नवी बाई तिथं बसली. संजूनं वर बघितलंसुद्धा नाही, कामाला लागला. आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "एवढंच व्हय रं!" म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

परवा काकू काळा चष्मा लावून आल्या. आपल्या स्टुलावर बसल्या, चार दाणे उचलून डोळ्यांजवळ नेले आणि खाली ठेवले.

"आप्रेशन करूनबी काळा दाना वळखंना गं. संपलं माजं काम. जाते मी घरला."

संजूनं आपल्यापुढचा ढीग हळूच काकूंकडं सरकवला.

"काड्या हाताला लागतात. तुम्ही काड्या काढा. काळे मी काढतो."

ज्याला कुणी काम देईना, तो पोरगा दुसऱ्याला काम वाटून देत होता. मला भरून आलं. काकूंनी चष्मा वर करून पदर डोळ्यांकडं नेला, तसं ढिगावरची नजर न काढता संजूनं त्यांना ठणकावलं, "डोळ्याला हात लावायचा नाही. काड्या काढा."