न दमलेल्यांची कैफियत

सकाळी दहा वाजता महाविद्यालयाच्या सातव्या मजल्यावर व्याख्यातापदाच्या मुलाखती सुरू झाल्या. जागा एक, उमेदवार दोन. प्राचार्यांचा पुतण्या लिफ्टने आला, नळदुरुस्तीवाल्याची मुलगी जिन्याने. लिफ्ट महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्याने अंगठ्याचा ठसा दिल्याशिवाय उघडत नाही. हा नियम सर्वांना सारखा लागू आहे. मुलीच्या नात्यात कुणी कर्मचारी नाही, हा काही नियमाचा दोष नव्हे.

मुलीची वयोमर्यादा त्याच दिवशी संपत होती. दुसऱ्या दिवसापासून ती कितीही हुशार असली तरी नियमानुसार म्हातारी ठरणार होती.

"आत्मविश्वास कमी दिसतो," विषयतज्ज्ञ म्हणाले. "वाक्यावाक्याला धाप लागतेय."

"सात मजले चढून आलेय, सर. जरा टेकू द्या, मग विचारा काय विचारायचं ते."

समान संधी अधिकारी हे पद कालपर्यंत कागदावरच होते; आज त्यावर बाई होत्या. त्यांनी तिला खुर्ची आणि ग्लासभर पाणी दिले. इथून प्रकरण चिघळले.

"म्हणजे हिला पाणी आणि मला नुसते प्रश्न?" पुतण्या दारातून ओरडला. "मी दमलो नाही हा माझा गुन्हा का, काका?"

"इथे मी काका नाही, प्राचार्य आहे," प्राचार्य करड्या आवाजात म्हणाले. "ये, बस बाळा."

समिती हेलावली. न दमलेल्यांनी जायचे कुठे, हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. पुतण्याला खुर्ची मिळाली, पाणी मिळाले आणि झालेल्या मनस्तापाबद्दल सरबतही मिळाले.

"पण हे पाणी किती पिढ्या द्यायचं?" विषयतज्ज्ञांनी विचारले. ते स्वतः तिसऱ्या पिढीचे विषयतज्ज्ञ होते.

"पाणी नको," मुलगी म्हणाली. "आम्ही दोघंही खाली जातो. दोघंही जिन्यानं वर येतो. मग घ्या मुलाखत."

पुतण्याचा चेहरा उतरला. "हा सरळसरळ अन्याय आहे! ही लहानपणापासून वडिलांबरोबर पाइप घेऊन जिने चढतेय. हिला घरातूनच वारसा आहे. मला आमच्या घरात कुणी जिना दाखवलासुद्धा नाही."

वंचित म्हणतात तो हाच, असे विषयतज्ज्ञांना वाटले आणि त्यांनी चष्मा पुसला.

सखोल विचारविनिमयाअंती समिती या निष्कर्षाला आली की, जिना ही एका विशिष्ट गटालाच उपयोगी पडणारी सवलत आहे, आणि सवलत म्हटली की गुणवत्तेचा ऱ्हास आलाच. सबब जिना तत्काळ बंद करण्यात आला. उमेदवारांनी खाली जाऊन एकाच मार्गाने, म्हणजे लिफ्टने, पुन्हा वर यावे असे ठरले. शिपायाने जिन्याच्या दाराला कुलूप लावले. समानता प्रस्थापित झाल्याबद्दल अधिकारी बाईंचे अभिनंदन झाले.

"आणि लिफ्टला अंगठा कुणाचा लावू?" सगळ्यांबरोबर लिफ्टने खाली आल्यावर मुलीने बाईंना विचारले.

"हे बघ, आम्ही संधी देतो. बोट धरून नाही नेत कुणाला."

"त्याला नेताय की!"

"तो त्याच्या काकांबरोबर चाललाय. घरगुती बाब आहे ती. त्यात आम्ही कसं पडणार?" बाई म्हणाल्या, आणि अंगठा लावून आत शिरल्या.

पुतण्याची मुलाखत उत्तम झाली. तो अजिबात दमला नव्हता.

दुपारनंतर कर्मचारी जेवून परतू लागले. मुलगी लिफ्टच्या दाराशी प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन उभी होती. कार्यालय सुटेपर्यंत वर पोहोचली तर तिची मुलाखत घेण्यास समिती तयार आहे, असे सांगण्यात आले. "कुणी नेता का वर?" असे ती प्रत्येकाला विचारत होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिच्याबद्दल मनापासून वाईट वाटत होते.

हाती आलेल्या शेवटच्या वृत्तानुसार लिफ्ट तळमजल्यावर आली आहे. आत आपण धरून चौघे आहेत, आणखी दोघांना जागा आहे. निवड फक्त गुणवत्तेवरच व्हावी, असे त्यांतला एक जण म्हणाला आणि आपण मान डोलावलीत. ती बाहेरून आपल्याकडेच बघते आहे. दार अजून मिटलेले नाही.