नको, कशाला उगाच त्रास

त्या देशात कुठलाही धबधबा पाहुण्याला विचारल्याशिवाय पडत नाही. गरम पाण्याचे झरे विचारून उसळतात, समुद्र विचारून किनाऱ्यावर येतो, आणि ज्वालामुखी तर फारच रीतीचे. ते आधी खाकरतात, मग विचारतात. पाहुणा हो म्हणाला तर दाखवतात, नको म्हणाला तर राहू देतात. उत्तरेच्या समुद्रातला एवढासा बेटांचा देश, पण नियम सगळीकडे एकच.

विमानतळावर भाड्याच्या गाडीची किल्ली देताना तिथल्या बाईने मगदूम पतिपत्नीला हे नीट समजावून सांगितलं होतं. इथे एकदाच विचारतात, ती म्हणाली. बरोबरच्या माणसाच्या वतीने उत्तर दिलं तरी चालतं, पण आपण दिलेलं उत्तर आपल्याला परत घेता येत नाही. भूपालअण्णा मगदूमांनी मान डोलावली आणि देश सुसंस्कृत आहे, असं बायकोला सांगितलं. एकदाच म्हणजे एकदाच, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

कसं शिरणार? अण्णा इचलकरंजीचे. सूतगिरणीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आणि गावात निरिच्छ माणूस म्हणून नाव. ते नाव त्यांनी पंगतीत बसून कमावलं होतं. जिलबीचं ताट समोर आलं की अण्णा पानावर दोन्ही हात आडवे धरत. नको, नको, बिलकूल नको. वाढणारा हटून बसे, यजमान येऊन गळ घाली, मग अण्णा नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून पाच जिलब्या खात. आणि शेजारी बसलेल्या त्रिशलाबाईंच्या पानाकडे वाढपी वळला की तेच हात तिच्या पानावर जात. "तिला नाही आवडत असलं," अण्णा सांगत. अण्णांना आग्रह व्हायचा, तिला कोण करणार? तिचं नको पहिल्या झटक्यात खरं धरलं जायचं. त्रिशलाबाईंना जिलबी फार आवडायची. हे तिच्या माहेरी माहीत होतं, सासरी कुणाला नाही.

त्रिशलाबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. दरवर्षी सातवीच्या वर्गात त्या फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढत. पांढऱ्या खडूने डोंगर, पिवळ्याने आतली नळी आणि लाल खडूने वर उडणारा लाव्हा. लाल खडू त्या वर्षभर जपून ठेवत. एकदा एका मुलीने विचारलं होतं, बाई, तुम्ही बघितलाय? बाईंनी नाही म्हटलं आणि पुढचा धडा काढला. तेव्हापासून एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्याकडे मागितली होती. निवृत्तीनंतर हा प्रवास त्यांनी ठरवला, त्यांनी आखला, गाडीसुद्धा त्याच चालवत होत्या. अण्णांनी गावात सांगितलं, आम्हाला कसली आलीय हौस, पण मुलगा ऐकेचना.

पहिला धबधबा मोठा नामांकित होता. काळ्या कड्यावर हिरवंगार शेवाळ, आणि वर कडेला पाणी येऊन उभं राहिलेलं. दोघं कठड्याशी पोचले तसं पाण्याने विचारलं, "पडू का?" मराठी स्वच्छ होतं, जरा पुस्तकी.

"नको, नको, कशाला उगाच त्रास," अण्णा हसून म्हणाले. "आम्ही आपले सहज आलोय."

"बरं," धबधबा म्हणाला, आणि पाणी मागे सरलं.

अण्णा हसतमुखाने उभे राहिले. आता आग्रह होईल, मग आपण म्हणू, बरं, थोडंसं पडा. कड्यावर एक मेंढी आली, बघून गेली. बाकी काही झालं नाही. तेवढ्यात एक म्हातारं परदेशी जोडपं शेजारी येऊन उभं राहिलं. त्यांना विचारणा झाली, ते हो म्हणाले आणि त्यांच्यापुरता धबधबा कोसळला. हातभर अंतरावर ती दोघं ओलीचिंब होऊन लहान मुलांसारखी हसत होती, आणि मगदूम पतिपत्नी कोरड्या ठणठणीत कड्याकडे बघत होती. त्रिशलाबाईंनी हात लांबवून पाहिला. हातही कोरडाच राहिला.

पुढे वाफांचं मैदान लागलं. जमिनीतल्या भोकातून झऱ्याने डोकं वर काढून अदबीने विचारलं, "उसळू का?" येताना गाडीत अण्णांनी बायकोला कबूल केलं होतं की या वेळी हो म्हणू. पण जिभेला सवय कुठली? "राहू दे," ते म्हणाले, "आत्ताच नाश्ता झालाय." झरा बरं म्हणून खाली गेला. काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर लाटांनी येऊ का म्हणून विचारलं, तर अण्णांनी त्यांनाच म्हटलं, बसा की तुम्ही निवांत. समुद्र बसला. तो इतका निवांत बसला की त्यावर कपडे वाळत घालावेत.

संध्याकाळपर्यंत अण्णांचा त्या देशाबद्दलचा विचार पालटला होता. या लोकांना मनाची श्रीमंती नाही, ते भडंगाचा डबा उघडत म्हणाले. तोंडदेखलं विचारतात. आमच्याकडे पाहुण्याला असं एका शब्दावर सोडत नाहीत. सूर्यास्ताआधी जेवायचा अण्णांचा नेम होता. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता, त्यामुळे नेम न मोडता ते सारखे खात होते.

"एकदा फक्त हो म्हणा," त्रिशलाबाई म्हणाल्या. "उद्या डोंगर आहे. शेवटचा."

"पहिल्या हाकेला हो म्हणायचं म्हणजे हावरटपणा झाला, त्रिशला. लोक काय म्हणतील?"

तिथे लोक नव्हते. पाच कोसांत मेंढ्या होत्या आणि मुक्कामाच्या घराची मालकीण. देवाने दिलं आणि नवऱ्याने नको म्हटलं, असा प्रकार होता. त्रिशलाबाईंना त्या माणसाचा त्या क्षणी इतका तिटकारा आला की त्यांनी भांडणसुद्धा केलं नाही. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि मालकिणीला त्यांनी एकच गोष्ट विचारली. नवरा नको म्हणाला तर बायकोचंही नकोच होतं का?

मालकीण बटाटे सोलत होती. तिने सांगितलं, तुम्ही गप्प राहिलात तर तुमचं त्यांच्यात धरतात. बोललात तर तुमचं वेगळं. तुम्ही आतापर्यंत काय केलंत?

गप्प राहिले, त्रिशलाबाई म्हणाल्या. मालकिणीने पुढचा बटाटा सोलायला घेतला.

सकाळी डोंगरापाशी पोचले तेव्हा वारा सुटला होता. डोंगर काळा, बोडका, माथ्यावर खळगा पडलेला. फळ्यावरच्यापेक्षा बराच बसका होता. अण्णा पुढे होऊन कोटाची बटणं लावून उभे राहिले, पंगतीत बसतात तसे. भर वर्गात बोलणाऱ्या त्रिशलाबाईंना स्वतःसाठी एक शब्द बोलायची भीती वाटत होती, आणि त्या भीतीचीच त्यांना जास्त चीड येत होती.

डोंगर खाकरला. "मंडळी," तो म्हणाला, "दाखवू—"

"हो," त्रिशलाबाई म्हणाल्या. त्यांचे कान तापले. "मला दाखव. मला हवंय."

अण्णा डोंगराकडे बघून ओशाळं हसले. "ती आपली काहीतरीच बोलते. तुम्ही मनावर घेऊ नका. नको, कशाला उगाच त्रास."

डोंगर म्हणाला, "बाईंचं हो. आपलं नको. बरं."

आणि तो त्रिशलाबाईंपुरता फुटला.

त्यांनी आयुष्यभर चूक काढलं होतं. लाव्हा फळ्यावरच्यासारखा सरळ वर उडाला नाही. आधी जमीन पोटातून गुरगुरली, मग खळग्याची एक कड खचली आणि तिथून तो सावकाश बाहेर आला, गुऱ्हाळातल्या काहिलीतून घट्ट रस ओतावा तसा. आणि तो रंग कुठल्याच खडूत नव्हता. उष्णता तोंडावर आली, डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. त्या मुलीचं नाव त्यांना आठवलं. मंजिरी. तिला आता सांगता आलं असतं.

अण्णांना समोर बोडका डोंगर दिसत होता आणि त्यावर चरणाऱ्या दोन मेंढ्या. बायको कशाकडे बघून रडतेय हे त्यांना कळेना. त्यांनी वाकून तिच्या चष्म्याच्या काचेत पाहिलं, तर तिथे त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं. मग मात्र त्यांचा धीर सुटला.

"बरं, थोडं दाखवा की," ते डोंगराला म्हणाले. "एवढं म्हणताय तर."

त्यांच्यापुढच्या मेंढ्या चरत राहिल्या. अण्णांनी पुन्हा सांगितलं, थोडंच दाखवा, नावापुरतं. मग म्हणाले, पूर्ण दाखवलंत तरी चालेल. शेवटी, गावात कुणी कधी ऐकला नसेल अशा आवाजात ते म्हणाले, "मला पण बघायचंय वो."

डोंगराने त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण तशी पद्धत नव्हती. पण त्यांच्याबद्दल बाईंना अजून एकदाही विचारलेलं नव्हतं, आणि बरोबरच्या माणसाच्या वतीने उत्तर चालतं. बाहेर येणारा लाव्हा जरा थांबवून त्याने त्रिशलाबाईंना अदबीने विचारलं, "बरोबरच्या गृहस्थांना दाखवू का?"

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं बघितल्याचं तिला आठवत नव्हतं. "हो म्हण, त्रिशला," ते म्हणाले.

त्रिशलाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. घाई कसलीच नव्हती. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि अण्णांच्या छातीसमोर आडवा धरला, पानावर धरतात तसा.

"नको," त्या डोंगराला म्हणाल्या. "त्यांना नाही आवडत असलं."

डोंगर "बरं" म्हणाला. त्या देशात एवढंच म्हणायची पद्धत आहे.