पोलंडात आपलं कोण हाय?

आमच्या बप्पांना तुम्ही नुसतं 'जरा स्टेशनवर जाऊन येते' असं सांगून बघा. ते चष्मा कपाळावर चढवतील आणि विचारतील, "तिथं आपलं कोण हाय?" परतूरचं स्टेशन आमच्या गच्चीवरून दिसतं, ही गोष्ट वेगळी.

बप्पा म्हणजे माझे थोरले काका. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, त्यांची कापूस-सोयाबीनची आडत आहे. लग्न केलं नाही, पण नाती लावायला बसले तर निम्मा जालना जिल्हा त्यांचा सोयरा. एकदा शहागडच्या पुलाजवळ पप्पांची मोटरसायकल बंद पडली. पप्पांनी मेकॅनिकचा नंबर मागायला फोन केला, तर बप्पा म्हणाले, "मेकॅनिक कशाला? ढाब्याच्या मागं पत्र्याचं घर हाय. तिथली बाई म्हंजे आपल्या वैनीच्या मावशीची नणंद. जल्दी जाय." पप्पा तिथं पोटभर जेवले आणि पिशवीभर वांगी घेऊन एसटीनं घरी आले. मोटरसायकलची आठवण दुसऱ्या दिवशी झाली.

अशा माणसाला मी सांगितलं, की मला एका सेमिस्टरसाठी पोलंडच्या विद्यापीठात जायला मिळतंय. घरात पेढे आले. आई रडली, पप्पा नकाशा उघडून बसले. बप्पांचा पेढा हातातच.

"पोलंडात आपलं कोण हाय?"

"कुणीच नाही, बप्पा."

"मंग तू कशी जाऊन राह्यली?"

झालं! बाजारभाव गेले खड्ड्यात, बप्पा दिवसभर फोनवर सोयरा शोधायला लागले. आणि सापडला की! जाफराबादच्या कुणाच्या तरी साडूचा पुतण्या, संदीप, जर्मनीत नोकरीला. "पोलंडाच्या शेजारचाच तालुका हाय," बप्पांनी जाहीर केलं आणि मला उतरवून घ्यायला जायचं फर्मान त्याला सोडलं. बिचारा म्हणाला, काका, गाडीनं अख्खा दिवस लागतो.

"मंग पहाटं निघायचं ना बाबा!"

संदीपला सुट्टी काही मिळेना. बप्पांनी त्याला सोयरिकीतून काढून टाकलं. मला निरोप देताना एवढंच म्हणाले, "तिथं पोचली की आत पाय टाकू नको. दारातून मला फोन लाव." मला वाटलं, म्हातारं माणूस, काळजी करतंय. म्हटलं लावू.

तर हॉस्टेलच्या दारात मी, बोचरी थंडी, मागे नव्या पोरापोरींची रांग आणि समोर किल्ल्यांचा जुडगा घेतलेल्या मार्ताबाई. हॉस्टेल त्यांच्या ताब्यात. चेहरा असा, की आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई प्रेमळ वाटाव्यात. फोनच्या पडद्यावर बप्पा आणि त्यांच्या मागं सगळं घर.

"थांब! भाकरतुकडा ओवाळल्याबिगर आत जायचं न्हाई. नव्या जागी आपल्यावरून कुनीतरी तुकडा उतरवून टाकावा लागतो."

"बप्पा, इथं कोण ओवाळणार?"

"ती बाई हाय ना. दाखव तिला फोन."

"अहो, पण भाकरी कुठंय?"

"मंग काय हाय?"

"विमानात मिळालेला पाव."

"चालंल. पीठच हाय ते."

मी लाजेनं अर्धी झाले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बाईंना समजावलं, की माझे काका म्हणतात, हा पाव माझ्याभोवती फिरवा आणि फेकून द्या. बाईंनी पावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. बप्पांनी हात जोडले आणि हवेत गोल फिरवून दाखवले. "असं बाई, असं." आणि काय सांगू तुम्हाला! बाईंनी जुडगा खिशात टाकला, पाव घेतला आणि जन्मभर हेच करत आल्यासारखा ओवाळला. एक तुकडा इकडे, एक तिकडे. कबुतरं धावून आली.

मागे गलका उठला. ब्राझीलची एक उंच पोरगी पुढं सरकली, तिलाही ओवाळून पाहिजे. मग एक तुर्की मुलगा. पाव संपला तर कुणीतरी बिस्किटं काढली. बाई ओवाळतायत आणि बप्पा परतूरहून ओरडतायत, "त्या उंच पोरीला वाकाय सांग! हां, आता बराबर!" अख्खी रांग ओवाळून घेऊन आत गेली.

मग बप्पांनी मुद्द्याला हात घातला. "बाईचं माहेर कोणतं?"

बाईंनी कुठल्याशा खेड्याचं नाव सांगितलं.

"शेती हाय का? काय पेरतेत?"

बटाटे आणि बीट, मी विचारून सांगितलं.

"म्हंजे शेतकऱ्याचीच लेक की! सुटलो बाबा! ताई, पोरगी तुमच्या पदरात घातली बघा."

हेही मी इंग्रजीत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. माझी जड बॅग उचलली आणि आत घेऊन गेल्या.

मी पायरीवर बसले. हसून हसून पोट दुखत होतं. तिकडे घरचे सगळे उठून गेले होते, बप्पा एकटेच पडद्यावर उरले होते.

"काय हे बप्पा! एका सेमिस्टरचा तर प्रश्न. एवढा तमाशा कामून?"

बप्पा म्हणाले, "मी गेल्तो ना माय, पुण्याला, कॉलेजात. तुझ्या बापाला आठवत नसंल, लहान होता. खोली मिळाली, खानावळ मिळाली, समदं बराबर. निस्तं बोलायला कुनी न्हाई. माझ्या बोलण्याला पोरं हसायची, मंग मी बोलणंच सोडलं. एक दिवस दार लावून घेतलं आन् मोठ्यानं स्वतःचं नाव घेतलं. आवाज हाय का गेला, ते पाहायला." ते हसले. "दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो. घरी सांगितलं, तिथलं पाणी मानवलं न्हाई."

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी भर दारात रडायला लागले.

"येडी का काय! रडू नको. तू न्हाई तशी परत येणार. ठेवू का आता?"

"नका ठेवू. बोला ना, बप्पा."

"काय बोलू?"

"काहीही. आज दिवसभर काय केलं ते सांगा."

बप्पांनी घसा साफ केला आणि सकाळी मोंढ्यात पहिली गाडी कुणाची आली, तिथून सुरुवात केली. सोयाबीन जरा ओलं होतं म्हणे.